नाव टाकलेला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायला भंडाऱ्याला निघालो तेव्हा आईनं सोबत पोत्यात दोन गुंड, एक कोपर आणि एक परात बांधून घेतली होती. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची पितळी घागर, कोपर म्हणजे काठाचं पसरट भांडं. एसटीत ते पोतं माझ्या पायाशी होतं आणि प्रत्येक खड्ड्याला आतून खणखणाट व्हायचा. समोरच्या सीटवरचे एक आजोबा पुन्हा पुन्हा वळून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "कोनाचं लगन आहे जी?" आई म्हणाली, "लगन नाही, कंप्युटर घ्याले चाललो." आजोबांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मी उरलेला सगळा रस्ता खाली मान घालून बसले.

ती भांडी माझ्या आंदणाची होती. मी पाचवीत होते तेव्हापासून आई एक वर्षाआड धान विकला गेला की एक भांडं घ्यायची आणि माळ्यावर पोत्यात ठेवून द्यायची. आमच्या आसगावात पोरीच्या लग्नात पितळ मांडवात मांडून ठेवतात. येणारे-जाणारे उचलून बघतात आणि वजनावरून मायबापाची पारख करतात. आईला मांडवात मान खाली घालायची नव्हती. माळ्यावरचं ते पोतं दर दिवाळीला खाली यायचं, चिंचेनं घासलं जायचं आणि पुन्हा वर जायचं. मला त्या पोत्याचा राग यायचा. घासायला मीच असायची ना.

मग मी बी.एस्सी. कॉम्प्युटरला भंडाऱ्याला गेले आणि पहिल्याच सेमिस्टरला प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. नापास होण्याचं कारण साधं होतं. लॅबमध्ये चालू असलेल्या एकेका कॉम्प्युटरमागे आम्ही पाच-पाच जणी. जिचे हात चपळ ती कीबोर्डवर, बाकीच्या तिच्या मागे उभ्या. मी कायम मागे उभी. मागून "तिथं अर्धविराम राहिला" असं सांगण्यात मी तरबेज झाले होते, पण परीक्षेत एकटीला खुर्चीवर बसवलं तेव्हा मला अक्षरं कुठल्या बटणावर आहेत तेच सापडेना. अर्धा वेळ शोधण्यात गेला, उरलेला घाम पुसण्यात.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पुढच्या खेपेलेही असंच झालं त गावात ये. पवनीले नाव टाकून बीए कर." बाबा एकदा बोलले की झालं, ते पुन्हा बोलत नाहीत. मला समजलं की माझ्या हातात एक सेमिस्टर आहे.

आई वाद घालत बसली नाही. दोन दिवसांनी तिनं माळ्यावरून पोतं खाली काढलं. बाबा म्हणाले, "भांडे मोडून डब्बा घेतेस? लोक काय म्हनतीन?" आई पोत्याची दोरी आवळत म्हणाली, "भांडे तिचेच आहेत. ती डब्बा घेईन नाहीत लोटा घेईन."  कमी पडणारे पैसे बाबांनीच जुन्या धोतराच्या पिशवीत बांधून दिले.

भंडाऱ्यात आधी पितळेच्या दुकानात गेलो. मोड घेणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराला आई वर्षानुवर्षं ओळखत होती, कारण यातलं प्रत्येक भांडं तिनं त्याच्याकडूनच घेतलं होतं. त्यानं गुंड हातात घेऊन वाजवला आणि आईकडे बघितलं. "मोडतेस काहून बाई? नवे तं आहेत." आई म्हणाली, "पोरीले कंप्युटर पायजे." त्यानं तराजू पुढे ओढला. तराजूवर भांडी चढली तेव्हा आई पाठ करून रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभी होती. ही गोष्ट मी तेव्हा बघितली आणि लगेच विसरले. माझं सगळं लक्ष पुढच्या दुकानाकडे होतं.

कॉलेजातल्या एका वरच्या वर्गातल्या मुलीनं मला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: रॅम एवढी, प्रोसेसर हा, वजन कमी बघ, रोज खांद्यावर न्यायचं आहे. मी ती चिठ्ठी देवळातला अंगारा धरावा तशी मुठीत धरली होती. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसानं समोर चार लॅपटॉप मांडले आणि इंग्रजीत काहीबाही सांगायला सुरुवात केली. आईनं त्याचं अर्धं वाक्य होऊ दिलं. मग तिनं पहिला लॅपटॉप उचलला, हातात तोलला आणि बोटाच्या पेरानं झाकणावर टकटक केलं.

"मावशी, मावशी, असं वाजवू नका!" दुकानदार टेबलाच्या पलीकडून हात करत म्हणाला.

"वाजवून पाहल्याबिगर काय समजते जी?" आई म्हणाली आणि दुसरा उचलला.

चिठ्ठीत बसणारा होता तो सगळ्यात पातळ, रुपेरी. तो मला बघताक्षणीच आवडला होता. आईनं तो दोन बोटांत धरला. "हा तं पापड आहे. एसटीत कोनी बसलं त दोन तुकडे." तिनं निवडला तो काळा, जाडजूड, विटेसारखा. त्याची रॅम बरोबर होती, प्रोसेसरही बरोबर होता, म्हणजे माझ्याकडे चिठ्ठीतली फक्त वजनाची ओळ उरली. मी ती वाचून दाखवली. आई म्हणाली, "हलकं पायजे त कागदाचं घे." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी लाजेनं लाल झाले आणि काळा लॅपटॉप घ्यायला तयार झाले. दुकानदारानं तो चालू करून दाखवला, पडदा स्वच्छ, लखलखीत. आई तेव्हा बाहेर पायऱ्यांवर बसून पायातला काटा काढत होती. मी आतून हाक मारली नाही. घरी निवांत दाखवू असं मनात होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती आम्हा दोघींची होती. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर कित्येक वर्षं मी मनातल्या मनात ती एकट्या आईच्या नावावर मांडत होते.

बसस्टँडकडे जाताना आई पुन्हा पितळेच्या दुकानाशी थांबली. म्हणाली, "नाव टाकून घेऊ." आमच्याकडे नवी वस्तू नाव टाकल्याशिवाय घरात येत नाही. ताट, वाटी, कुकर, टॉर्च, पाण्याची टाकी, सगळ्यांवर नाव. दुकानाच्या ओट्यावर तोच म्हातारा हातात विजेवर चालणारी लेखणी घेऊन बसलेला असतो, ती घर्र करते आणि धातूवर बारीक ठिपक्यांची अक्षरं उमटतात. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मी भाड्याच्या खोलीत तीन मुलींबरोबर राहत होते. वस्तू हरवतात, बदलतात. नाव असलेलं बरं.

म्हाताऱ्यानं लॅपटॉप हातात घेतला आणि उलटापालटा केला. "बाई, हे काई पितळ नोहोय."

"कुकरवर टाकता, टार्चवर टाकता. याच्यावर काहून नाही टाकत?"

"काय लिवू? पोरीच्या बापाचं नाव?"

भांड्यांवर नाव बापाचंच असतं. आमच्या घरातल्या भांड्यांवर आईच्या वडिलांचं नाव आहे किंवा माझ्या बाबांचं. आईनं झाकणावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "पोरीचं लिवा. अन् खाली लिवा, आईकडून."

लेखणी चालू झाली. काळ्या झाकणावर पांढरी अक्षरं उमटत गेली. म्हातारा जुन्या सवयीनं हात दाबून लिहीत होता, झाकण थरथरत होतं आणि मी कौतुकानं बघत होते. अक्षर सुरेख होतं. आईनं पदरानं भुसा पुसला आणि त्या दोन ओळी वाचल्या. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, सावकाश पण नीट वाचते. तिनं त्या दोनदा वाचल्या.

आई आसगावला परतली, मी खोलीवर आले. मुलींना बोलावलं, लॅपटॉप गादीवर ठेवला आणि चालू केला. पडद्याच्या डाव्या बाजूला खाली लिंबाएवढा पांढरा डाग आणि त्यातून वरपर्यंत गेलेली एक हिरवी रेघ. बरोबर नावाच्या मागे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुरुस्तीच्या माणसानं पडदा बघितला, मग झाकण मिटलं आणि नाव वाचलं. "हे काय करून आनलं?" त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं मालकाला. तिघेही हसले, वाईट हेतूनं नाही, पण हसले. गॅरंटी गेली होती. नवा पडदा बसवायचा तर अर्ध्या लॅपटॉपची किंमत. मी लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि बाहेर पडले. रस्त्यानं चालताना मला रडू येत होतं आणि आईचा भयंकर राग येत होता. वाजवून बघते, वजनावर घेते, वर नाव टाकते. मी तिला मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

राग दोन दिवस टिकला. मग मला ती तराजूकडे पाठ करून उभी असलेली दिसायला लागली. आणि बाबा. त्यांना कळलं असतं तर ते काही बोलले नसते, त्यांनी नुसतं आईकडे बघितलं असतं, आणि आईनं ते बघणं जन्मभर वागवलं असतं. मी ठरवलं की आईला कळू द्यायचं नाही. एवढं सोपं. चालू लॅपटॉप तिला दाखवायचाच नाही.

डाग असला तरी काम चालत होतं. मी प्रोग्रामची खिडकी उजवीकडे सरकवून ठेवायला शिकले. मुलींनी डागाला चंद्र असं नाव ठेवलं. रविवारी दुपारी चौघी एका गादीवर पालथ्या पडून सिनेमा बघायचो आणि हिरो डावीकडे आला की त्याचं तोंड चंद्रात जायचं. "सरक ना बापा उजवीकडं," एक जण ओरडायची. खोलीत प्लगचा पॉइंट एकच. त्यावर कधी पाणी तापवायचा रॉड, कधी इस्त्री, कधी माझा लॅपटॉप, आणि रोजची भांडणं. ते वजन खांद्यावर घेऊन मी कॉलेजला चालत जायची तेव्हा उजवा खांदा दुखायचा, दुसऱ्या दिवशी डावा. आईनं त्यासाठी जुन्या लुगड्याची अस्तर लावलेली थैली शिवून पाठवली होती, वर लाल नाडी. वर्गात पाठीवरच्या काळ्या बॅगांमध्ये माझी एकटीची लाल नाडी. पहिला आठवडा ती मी दप्तराखाली लपवली, नंतर सवय झाली. आज त्या खोलीतलं सगळं आठवतं. रॉडच्या पाण्याचा वास, पंख्याची कुरकुर, चौघींचे केस एकमेकींच्या तोंडावर. एवढं मोकळं हसणं मी त्यानंतर हसलेली नाही.

आणि बोटं चालायला लागली. रोज दुपारी मी नुसतं टाइप करायची, काहीही, गावातल्या सगळ्या माणसांची नावं, सगळ्या बैलांची नावं. पुढच्या परीक्षेत खुर्चीवर बसले तेव्हा बोटं आपोआप धावली. मी पास झाले, चांगली पास झाले. बाबांनी पवनीच्या बीएचा विषय परत काढला नाही.

सुट्टीत घरी गेले की आईची एकच मागणी. "लाव ना थोडासा. पाहू दे."

पहिल्यांदा मी म्हणाले, चार्जिंग नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, परीक्षेचं सॉफ्टवेअर आहे, उघडलं तर बंद पडते. एकदा म्हणाले, गरम झाला आहे. थापा मारायला मी कॉलेजात शिकले असं नाही, पण हात तिथंच बसला. आई ऐकून घ्यायची. "राहू दे मंग," म्हणायची आणि झाकणावरून पदर फिरवायची. दसऱ्याला विळा, कुदळ, नांगराचा फाळ यांच्या रांगेत माझा लॅपटॉप असायचा, मिटलेला. आई त्यावर हळदीकुंकू वाहायची. कुंकू त्या कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसायचं आणि नाव लाल व्हायचं. शेजारच्या बाया विचारायच्या, काय करते पोरगी त्याच्यावर? आई सांगायची, "लय करते. मले नाही समजत त्यातलं." मला वाटायचं, किती सहज मानते. बरंच झालं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कोरोना आला. कॉलेज बंद, खोली बंद. लाल नाडीची थैली घेऊन मी आसगावला आले आणि मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तिथंच राहिले. आमचं घर म्हणजे पुढे सपरी, म्हणजे ओसरी, आत एक मोठी खोली आणि मागे चूल. मागे दार नाही. मोबाइलची रेंज मोठ्या खोलीतल्या धानाच्या कोठीपाशी यायची, तेवढ्याच कोपऱ्यात. लॅपटॉपची बॅटरी तोवर मेलेली, त्यामुळे वायरीची लांबीही ठरलेली. मी कोठीला पाठ लावून बसायची, पडदा माझ्याकडे, झाकणाची बाजू घराकडे. आईला दिवसभर दिसायचं ते नाव.

पण ती घरातच. झाडायला यायची, कोठीतून धान काढायला यायची. वर्ग चालू असताना ती एकदा माझ्या बाजूला आली आणि मी घाबरून झाकण अर्धं मिटलं. "मागं येऊ नको!" मी म्हणाले. "कॅमेऱ्यात येशील. सर पाहून राहिले."

ती थबकली. "हो का," म्हणाली आणि गेली.

ती थाप सगळ्यात कामाची निघाली. दुसऱ्या दिवसापासून आई वर्ग सुरू झाला की त्या कोपऱ्यात फिरकायची नाही. काही लागलंच तर भिंतीच्या कडेनं वाकून जायची, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. धान आदल्या दिवशीच काढून ठेवायची. बाबांनाही सांगायची, "तिकडं जाऊ नका, सर पाहतेत." माझी काळजी मिटली होती. कॅमेरा माझ्या तोंडावर आणि मागच्या कोठीवर होता. भिंतीच्या कडेनं जाणारी आई त्यात आली असती तर खरं तर काय बिघडलं असतं, हा विचार मी एकदाही केला नाही.

एकदा वर्गात मजा झाली. लाखनीच्या एका मुलीची आई चहाचा कप घेऊन मध्येच आली, तिला वाटलं आम्ही सगळ्या तिच्या मुलीशी फोनवर बोलतो आहोत, आणि तिनं सगळ्यांची विचारपूस केली. सरांनी नमस्कार केला. सगळे हसले. जेवताना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. बाबाही हसले.

आईनं भात वाढता वाढता विचारलं, "तिची माय आली त सर काई बोलले नाही?"

"नाही. सरांनी नमस्कार केला तिला."

"शिकलेली असन," आई म्हणाली.

मी म्हणाले, "माहीत नाही." आणि वरण मागितलं.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रकल्प करायचा होता. मी ठरवलं, आमच्या गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी लावून देणारा प्रोग्राम करायचा. धानाच्या शेताचे बांधानं पाडलेले तुकडे असतात, त्यांना आमच्याकडे बांदी म्हणतात. कोणत्या बांदीला कधी पाणी, हे गावात तोंडी चालतं आणि त्यावरून दर वर्षी तंटे होतात. प्रोग्रामनं क्रम लावून दिला तर तंटा मिटेल, अशी माझी कल्पना. मी सगळी माहिती बाबांना विचारून घेतली. शेत त्यांच्या नावावर होतं म्हणून त्यांना विचारलं. पाळीला पाणी वळवायला फावडं घेऊन बांधावर जाते ती आई, हे मला माहीत होतं. तिला विचारायचं सुचलं नाही. विचारलं असतं तर ती पडद्याजवळ बसली असती, म्हणूनही असेल.

तोंडी परीक्षा ऑक्टोबरात झाली, व्हिडिओवर. बाहेरचे परीक्षक होते. हलका धान, म्हणजे लवकर येणारा, कापायला आला होता आणि आई सकाळीच शेतावर गेली होती. माझा नंबर दहाला यायचा तो साडेअकराला आला. मी कोठीला पाठ लावून ताठ बसले, प्रोग्राम उजवीकडे सरकवला आणि बोलायला लागले. वीज गेली नाही, रेंज गेली नाही. एक परीक्षक म्हणाले, "गावाचा प्रश्न घेतलात, छान." मी पास होते, चांगल्या गुणांनी, हे त्यांच्या आवाजावरून समजलं. नागपूरला पुढे शिकायला जाण्याची वाट मोकळी झाली होती. मी झाकण मिटलं आणि धावत बाहेर आले.

आई अंगणात उभी होती. भर बाराच्या उन्हात. विळा हातात, पायावर वाळलेला चिखल, ओठ कोरडे. सपरीत सावली होती, पण सपरीतून मोठ्या खोलीतलं सगळं दिसतं, म्हणून ती सपरीतही चढली नव्हती.

"झालं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"झालं! आई, मी पास झाली समज. तू कधी आली?"

"झाला घंटाभर." मग ती म्हणाली, "आता आत येऊ का? पानी प्याचं होतं."

स्वतःच्या घरात पाणी प्यायला तिनं मला विचारलं. मला हसू फुटलेलं होतं ते तसंच तोंडावर राहिलं. मी काही बोलायच्या आत ती आत गेली, उभ्यानं दोन लोटे पाणी प्यायली आणि भिंतीच्या कडेनं चुलीकडे निघाली. वर्ग संपला होता तरी वाकून. सात महिन्यांची सवय.

मी तिचा हात धरला आणि तिला कोपऱ्यात आणलं, माझ्या जागेवर बसवलं. "नोको, पाय मळके आहेत," ती म्हणत होती. मी झाकण उघडलं आणि पडदा तिच्याकडे केला.

 पडद्यावर आमच्या बांद्या होत्या, मराठीत नावं घातलेल्या. चिचेची बांदी, मोठी बांदी, नाल्याची बांदी. ती एकेक नाव ओठ हलवत वाचत गेली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. तिला वाचता येत होतं. माझ्या लॅपटॉपवरचं तिला वाचता येत होतं.

मग तिनं बोट ठेवलं. "हे उलटं आहे."

"काय?"

"शेवटच्या पान्याले चिचेची बांदी आधी कशी? तिच्यात भारी धान असते, त्याले दम निंघते. नाल्याच्या बांदीत हलका असते, त्याले आधी द्या लागते, नाहीत करपते. लाइन पाहून नाही देत पानी, पोरी. धान पाहून देतेत." ती थांबली. "कोनं सांगतलं तुले?"

"बाबांनी."

"ते कधी गेले पाळीवर?" ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. परीक्षकांनी वाखाणलेला माझा प्रोग्राम तिनं दोन मिनिटांत खोटा पाडला होता.

हसता हसता तिचं बोट डावीकडे सरकलं. "अन् हे पांढरं काय आहे?"

आता थाप सुचली असती. तीन वर्षांची तयारी होती. पण मला ते जमेना. मी सांगितलं. नाव टाकताना झालं, त्याच दिवशी झालं. तुला वाईट वाटेल म्हणून दाखवला नाही. चार्जिंग होतं, गरम झाला नव्हता, कॅमेऱ्यात तू येत नव्हतीस. सगळं एका दमात सांगितलं आणि तिच्या रडण्याची वाट बघत बसले.

ती रडली नाही. तिनं डागावरून अंगठा फिरवला, ताटावरचा डाग जातो का बघावं तसा. मग हात मांडीवर ठेवला.

"मले त्याच दिवशी सांगतली असती," ती म्हणाली, "त मी दोन दिवस रडली असती अन् झालं असतं. तीन वर्षं मले वाटत राह्यलं, पोरगी शिकली, आता तिले माही लाज वाटते."

मी "नाही गं" म्हणाले.  ती उठायला लागली, तिला शेतावर परत जायचं होतं. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, बाकीच्या बांद्या पण सांग. ती सांगत गेली आणि मी तिच्या बाजूला बसून, ती बघत असताना, एकेक ओळ बदलत गेले.